प्रतिनिधीकडून

एकोणीस वर्षं मी हा शब्द फुकटात वापरला:
सोलापूर, ता. अमुक, प्रतिनिधीकडून.
कुणाचा प्रतिनिधी, हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

इंद्रभवनात चारला चहा येतो,
चहामागून प्रेसनोट.
'शहरास तीन दिवसांआड पाणीपुरवठा.'
मी 'शहरास'चं 'शहराला' करायचो,
एवढीच माझी भर,
आणि स्कूटर सात रस्त्याला पोचायच्या आत
बातमी डोक्यात जुळलेली असायची.

नागमणी यल्दी विडी घरकुलात राहते.
मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, कात्री, दोरा,
आणि मागच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या खाली,
पेन्सिलीनं नळ.
म्हणजे नळ कधी आला ते.
तारीख, वेळ, किती घागरी.
ती भिंत मी पहिल्यांदा पाहिली माझ्याच मोबाइलवर,
कुणाकुणाच्या हातून फिरत आलेली,
खाली एक ओळ, तेलुगूच्या वळणाची मराठी:
'पेपरात तीन दिवस लिवलेत. आमच्यात आज सहावा.
पेपर भरून ठेवू का घागरीत?'

डेस्कवरून फोन: तो भिंतीचा फोटो घे.
नाव काय टाकू?
व्हायरल टाक, बे, आता नाव कुठं शोधत बसतो.
व्हायरल नाही टाकलं मी, तेवढी लाज होती.
प्रतिनिधीकडून, टाकलं.
तिची सात महिन्यांची पेन्सिल
दुसऱ्या दिवशी माझी झाली.

फोन आला तिचा. मी माफी तयार ठेवली होती.
तिनं नावाचा विषयच काढला नाही.
'बारा तारखेला तीन दहा छापलंय वो सर.
तीन चाळीसला आलतं.
अर्धा तास कुठं गेला?'
छपाईची चूक, मी म्हटलं.
'माझ्या हजार विड्यांतून कारखान्यात छाट काढतेत.
जरा ढिली बांधली की फेकतेत, मजुरी कापतेत.
तुमच्यात छाट कोण काढतंय?'

उत्तर नव्हतं म्हणून गेलो.
या वेळी नाव छापतो, म्हटलं, मोठ्या अक्षरात.
तिनं दोरा दातानं तोडला.
'नको. तुमच्या खिशात कार्ड हाय.
माझ्या दारावर घराचा नंबर हाय.
चावीवाला रोज इथनंच जातंय.'

मग मी तिला ती दुसरी क्लिप दाखवली,
काळ्या पाण्याची, तिनंच पुढं पाठवलेली.
थांबवली. बोट ठेवलं.
मागच्या टाकीवर कन्नड अक्षरं होती,
आपल्या टाक्यांवर असतात तशी नव्हती.
ती बराच वेळ बघत राहिली.
सूप खाली ठेवलं, हात झटकले,
आणि लिहिलं: ते पाणी आमचं न्हवतं, चुकले.
खाली स्वतःचं नाव, आडनावासकट.
ज्या नावाला ती छापू देत नव्हती, ते.

आमचे खुलासे सातव्या पानावर येतात,
निविदांच्या खाली, मुंगीच्या टायपात.
त्या अर्ध्या तासाचा तर अजून आलेला नाही.

आता रात्रीचे अडीच. मी तिच्या पायरीवर.
इथं प्रेसनोट नाही, चहा मात्र तिनं दिला.
गल्लीभर घागरी रांगेत, बायका भिंतीला टेकून,
एक म्हातारी झोपेतच पानं कापतेय, बोटं चालू.
मला कुणी 'पत्रकार' म्हणत नाही,
'ते वेळ लिवायला आलेत' म्हणतात.

नळ आधी खोकला.
मग नुसती हवा. मग गंजाचा घोट.
मग धार.

'किती वाजले?'
माझ्या घड्याळात दोन बावन्न.
तिच्या मोबाइलवर दोन चोपन्न.
मी वहीवर पेन धरून थांबलो.
'दोन्ही लिवा,' ती म्हणाली,
आणि पायानं घागर धारेखाली सरकवली.